बँकेच्या नांवानें येणारीं खोटीं पत्रें

शेतकऱ्याचा पैसा पूर्वी घरांत, पेटींत किंवा कणगींत असे, आणि चोर येई तो भिंत फोडून येई. कुत्रें भुंके, शेजारी जागा होई, सकाळीं पंचनामा होई. आतां उंसाचें बिल, कांद्याची पट्टी, दुधाचा पगार, पीकविम्याची भरपाई व सरकारी अनुदान हें सर्व परभारें बँकेच्या खात्यांत जमा होतें. ही व्यवस्था चांगली आहे. मधल्या पुष्कळ हातांची गळती तिनें बंद केली. परंतु पैसा जेथें जातो तेथें चोरहि जातो. हल्लींचा चोर भिंत फोडीत नाहीं. तो बँकेच्या नांवानें एक पत्र पाठवितो आणि खातेदाराकडूनच किल्ली मागून घेतो. त्या पत्राविषयीं प्रस्तुत लेखांत चार उपयोगाच्या गोष्टी सांगावयाच्या आहेत.

कित्येक वाचक म्हणतील, "ई-मेल हें कचेरींतल्या लोकांचें काम, आम्हां शेतकऱ्यांस त्याच्याशीं काय कर्तव्य?" हा समज सोडून दिला पाहिजे. ज्यांच्या खिशांत स्मार्टफोन आहे त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या नांवावर ई-मेलचें खातें आहेच. फोन नवा घेतला त्या दिवशीं दुकानदारानें अगर मुलानें जें खातें उघडून दिलें, तेंच तें. पुढें ठिबक संचाच्या अनुदानाचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज, बँकेंतला केवायसीचा कागद, या सर्वांवर तोच पत्ता लिहिला गेला. खातेदार स्वतः तें खातें क्वचितच उघडून पाहतो. मुलगा किंवा नातू पाहतो. म्हणजे दाराशीं टपालपेटी टांगलेली आहे, तींत पत्रें पडत आहेत, आणि तीं कोण टाकतो व कोण उघडतो याकडे घरच्या कर्त्या माणसाचें लक्ष नाहीं, अशी ही स्थिति आहे.

आमचा स्वतःचा अनुभव

हा विषय आम्ही ऐकीव माहितीवर मांडीत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. आलेला कागद बारनिशींत नोंदणें, त्यावरील जावक क्रमांक, तारीख, शिक्का व सही पाहणें, आणि कांहीं संशय आला तर ज्या कचेरीचा तो कागद आहे त्या कचेरीकडे विचारणा करणें, यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. खोटे दाखले, खाडाखोड केलेले उतारे आणि मेलेल्या माणसाच्या अंगठ्याचीं संमतिपत्रें आमच्या नजरेखालून गेलीं आहेत. असें असूनहि आम्ही अर्ध्या वाटेपर्यंत फसलों, तें वाचकांस सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें.

निवृत्तीनंतरचा तो पहिलाच नोव्हेंबर होता. निवृत्तिवेतन घेणारांस या महिन्यांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आम्हीं शाखेंत जाऊन यादीवर सही केली होती. पुढें आठवड्यानें, शनिवारीं दिवेलागणीच्या सुमारास, बँकेच्या नांवानें ई-मेल आला. वर बँकेचें बोधचिन्ह, खालीं शाखाधिकाऱ्याचा हुद्दा. मजकूर असा कीं, आपला हयातीचा दाखला नोंदला गेलेला नाहीं. चोवीस तासांत खालील निळ्या अक्षरांवर दाबून माहिती न भरल्यास निवृत्तिवेतन थांबविण्यांत येईल. सही आपण स्वतः करून आलों आहों हें आम्हांस ठाऊक होतें. तरी मनांत आलें कीं, यादी चुकली असेल. कचेरींत याद्या चुकतात हें आमच्याइतकें कोणास ठाऊक! आम्हीं निळीं अक्षरें दाबलीं. बँकेच्या पानासारखेंच पान उघडलें. खातें क्रमांक भरला, जन्मतारीख भरली. पुढें पासवर्ड विचारला तेव्हां तो ज्या वहींत लिहून ठेवला होता ती वही आणावयास आम्ही उठलों. (तो असा वहींत लिहून ठेवूं नये, हेंहि त्या दिवशीं शिकलों.)

वही घेऊन परत येतांना जुन्या संवयीनें मनांत आलें, "या कागदास जावक क्रमांक कोठें आहे?" पत्र पुन्हां पाहिलें. क्रमांक नव्हता. "प्रिय ग्राहक" म्हटलें होतें, आमचें नांव नव्हतें. शाखेचा दूरध्वनि नव्हता. आम्ही तेथेंच थांबलों. सोमवारीं शाखेंत गेलों तेव्हां अधिकाऱ्यांनीं यादी काढून आमची सही दाखविली आणि असें पत्र बँकेनें पाठविलेलेंच नाहीं असें सांगितलें. आम्ही वांचलों तें हुशारीनें नव्हे, वही दुसऱ्या खोलींत होती म्हणून.

आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराची वही मात्र जवळच होती. त्यांस आलेल्या पत्रांत लिहिलें होतें कीं, पॅन क्रमांक खात्यास जोडला नसल्यामुळें खातें गोठविण्यांत येत आहे. उंसाचें बिल नुकतेंच जमा झालें होतें आणि मार्चअखेर सोसायटीचें पीककर्ज फेडावयाचें होतें. खातें गोठलें तर फेड कशी होणार, या धास्तीनें त्यांनीं पासवर्ड भरला, फोनवर आलेला ओटीपीहि भरला. अर्ध्या तासांत तीन वेळां पैसे निघाले. त्याहून वाईट गोष्ट पुढची. "लोक हंसतील, पोरें बोलतील" म्हणून त्यांनीं ही गोष्ट नऊ दिवस घरांत सांगितली नाहीं. दहाव्या दिवशीं तक्रार केली तोंपर्यंत तो पैसा चार खात्यांतून फिरून रोखीनें काढला गेला होता. कर्ज थकलें, मुदतींत फेड करणारास मिळणारी व्याजाची सवलतहि गेली.

हा गळ कसा टाकतात

या फसवणुकीस इंग्रजींत 'फिशिंग' म्हणतात. मासे धरण्याच्या शब्दाशीं याचा उच्चार एकच आहे, स्पेलिंग तेवढें मुद्दाम निराळें केलेलें आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेंत 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीच्या ग्राहकांचे पासवर्ड कंपनीच्या नांवानें निरोप पाठवून काढून घेत, त्या सुमारास हा शब्द रूढ झाला. नांव समर्पक आहे. गळ टाकणारा एकेका माशाच्या मागें धांवत नाहीं. तो लाखों लोकांस एकच पत्र पाठवितो. त्यास पत्राचा खर्च जवळजवळ नाहीं. त्यांतून मोजके लोक अडकले तरी त्याचें काम झालें. "आमच्यासारख्या लहान माणसाकडे कोण बघतो?" असें म्हणणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. तो कोणाकडेच बघत नाहीं. जो अडकेल तो त्याचा.

अशा पत्रांत चार गोष्टी बहुधा सांपडतात. पहिली, ओळखीचें नांव: बँक, आयकर खातें, टपाल खातें, वीज कंपनी किंवा एखादी सरकारी योजना. दुसरी, भय किंवा लोभ: खातें बंद होईल, वीज तोडूं, अगर परतावा मंजूर झाला आहे, अनुदान अडकलें आहे. तिसरी, घाई: आजच, चोवीस तासांत, रात्रीं बारापूर्वी. चौथी, वाट: ही लिंक दाबा, हें सोबतचें कागदपत्र उघडा, या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तीन गोष्टी चौथीसाठींच आहेत. भय व घाई यांचा उपयोग एवढाच कीं, माणसानें शेजाऱ्यास विचारूं नये आणि शाखा उघडण्याची वाट पाहूं नये. म्हणून अशीं पत्रें पुष्कळदां शनिवारीं सायंकाळीं अगर सणाच्या आदल्या दिवशीं येतात.

लिंक दाबल्यावर जें पान उघडतें तें बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल असतें. खातेदार त्यांत नांव व पासवर्ड भरतो. त्याच क्षणीं पलीकडे बसलेला चोर, किंवा त्याचें यंत्र, तीच माहिती बँकेच्या खऱ्या पानांत भरतो. खरी बँक खातेदाराच्या फोनवर खरा ओटीपी पाठविते. खातेदारास वाटतें, "बँकेचा ओटीपी आला, म्हणजे पान खरें." तो ओटीपीहि त्या खोट्या पानांत भरतो आणि पैसा निघून जातो. ओटीपी खरा आला म्हणून विचारणारा खरा ठरत नाहीं, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ओटीपीच्या संदेशांत तो कोणत्या कामासाठीं व किती रकमेसाठीं आहे हें पुष्कळदां लिहिलेलें असतें. तो मजकूर आधीं वाचावा. 'पॅन जोडण्या'च्या कामांत रक्कम वजा करण्याचा ओटीपी यावयाचें कारण काय?

पत्ता कसा वाचावा

पत्र पाठविणाराचें जें नांव वर ठळक दिसतें तें पाठविणारानेंच लिहिलेलें असतें. तेथें कोणीहि कांहींहि लिहूं शकतो. त्या नांवावर बोट दाबल्यास खरा पत्ता दिसतो. लिंकचेंहि तसेंच आहे. निळ्या अक्षरांत एक लिहिलेलें असतें आणि त्यामागें दुसराच पत्ता असतो. संगणकावर त्या अक्षरांवर न दाबतां नुसता बाण नेऊन ठेवला तर तो पत्ता खालच्या कोपऱ्यांत दिसतो.

पत्ता वाचण्याची रीत अशी. आपला टपालाचा पत्ता आपण नांव, गांव, तालुका, जिल्हा असा लिहितों. कागद कोठें जाणार हें शेवटच्या शब्दांवरून ठरतें. मुंबईंतील खाणावळीच्या पाटीवर 'कोल्हापूर' लिहिलें म्हणून ती कोल्हापुरांत होत नाहीं. संकेतस्थळाचाहि पत्ता असाच, शेवटाकडून वाचावा. समजा 'आपलीबँक डॉट खातेतपासणी डॉट कॉम' असा एक कल्पित पत्ता आहे. अडाण्यास त्यांत आपल्या बँकेचें नांव दिसतें. परंतु घर 'खातेतपासणी डॉट कॉम' या कोणा भलत्याच माणसाचें आहे आणि बँकेचें नांव ही त्याच्या दारावरची पाटी आहे. पत्त्यांत पहिली एकेरी तिरपी रेघ येते तेथें घराचा पत्ता संपतो. रेघेच्या पलीकडे बँकेचें नांव दहादां लिहिलें असलें तरी त्यास किंमत नाहीं. कांहीं लबाड एक अक्षर फिरवितात. इंग्रजी 'एल'च्या जागीं एकाचा आंकडा, 'ओ'च्या जागीं शून्य, 'एम'च्या जागीं 'आर' व 'एन' जवळजवळ. जुन्या उताऱ्यांत एकाचा नऊ करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. ही त्यांचीच विद्या आहे.

या बाबतींत रिझर्व्ह बँकेनें एक चांगली सोय केली. भारतांतील बँकांनीं आपल्या संकेतस्थळांसाठीं 'डॉट बँक डॉट इन' या अक्षरांनीं संपणारे पत्ते घ्यावे असें तिनें ७ फेब्रुवारी २०२५ रोजीं जाहीर केलें आणि त्यासाठीं ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. हे पत्ते देण्याचें काम हैदराबाद येथील आयडीआरबीटी या संस्थेकडे सोंपविलेलें आहे व ते बँकांसाठींच राखलेले आहेत. सरकारी कचेऱ्यांचे पत्ते त्याचप्रमाणें बहुधा 'डॉट गव्ह डॉट इन' या अक्षरांनीं संपतात. आपल्या बँकेचा पत्ता काय हें एकदां शाखेंत विचारून पासबुकाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवावें.

कुलपाच्या चित्राविषयींहि एक गैरसमज आहे. पत्त्याशेजारीं कुलपाचें चित्र असलें म्हणजे पान खरें, असें लोक मानतात. त्या कुलपाचा अर्थ इतकाच कीं, आपल्या फोनपासून त्या पानापर्यंतची वाट बंदिस्त आहे, मधला कोणी वाचूं शकत नाहीं. वाटेच्या टोंकाशीं सावकार बसला आहे कीं चोर, हें कुलूप सांगत नाहीं. चोरहि आपल्या दारास कुलूप लावतो. तसेंच, पूर्वी अशा पत्रांची भाषा अशुद्ध असे व त्यावरून तीं ओळखूं येत. आतां यंत्राकडून कोणालाहि शुद्ध मराठींत पत्र लिहून घेतां येतें. शुद्धलेखनावर विश्वास ठेवूं नये.

एवढें सांगूनहि आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पत्ता भलताच असेल तर पत्र टाकून द्यावें. पण पत्ता बरोबर दिसला म्हणून पत्र खरेंच, असें मात्र नव्हे. पाठविणाराचा पत्ताहि खोटा दाखवितां येतो. म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबून भागत नाहीं. एक नियमच पाळावा लागतो. तो नियम सांगण्यापूर्वी एक मोठें उदाहरण पाहूं.

बांगला देशाची तिजोरी

शेतकरी तर शेतकरी, एका देशाची मुख्य बँकहि अशा पत्रानें फसली आहे. अमेरिकेच्या तपास अधिकाऱ्यांनीं २०१८ सालीं न्यायालयांत जें प्रतिज्ञापत्र दिलें त्याप्रमाणें, २०१५ च्या जानेवारींत बांगला देश बँकेच्या नोकरांस नोकरीसाठीं अर्ज करणाऱ्या एका उमेदवाराच्या नांवानें ई-मेल पाठविण्यांत आले. माझी माहिती या लिंकवर पाहावी, अशी त्यांत नम्र विनंति होती. अशा मार्गानें चोर बँकेच्या संगणकांत शिरले व वर्षभर दबा धरून बसले. ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्रीं त्यांनीं त्या बँकेच्या नांवानें न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेस पैसे पाठविण्याचे ३५ हुकूम केले. एकूण रक्कम सुमारें ९५ कोटि डॉलर. त्यांतील बहुतेक हुकूम अडले, परंतु ८ कोटि १० लाख डॉलर फिलिपाइन्समधील खात्यांत गेले. दोन कोटि डॉलरचा एक हुकूम श्रीलंकेंतील एका संस्थेच्या नांवें होता. तिच्या नांवांतील 'फाउंडेशन' हा इंग्रजी शब्द चुकीचा लिहिला गेल्यामुळें संशय आला आणि ती रक्कम परत मिळाली.

यांत वार कसे निवडले तें पाहावें. बांगला देशांत शुक्रवारीं सुटी, अमेरिकेंत शनिवार-रविवार सुटी, आणि पुढच्या सोमवारीं, ८ फेब्रुवारीस, चांद्र नववर्षानिमित्त फिलिपाइन्समध्यें सुटी. कोणी कोणास वेळेवर विचारूं शकत नव्हतें. आमच्या पत्राची शनिवारची सायंकाळ आणि त्यांचा गुरुवारचा रात्रीचा प्रहर यांच्यामागें हिशेब एकच होता.

मुख्य नियम

तो नियम असा: निरोप ज्या वाटेनें आला त्या वाटेनें उत्तर देऊं नये. आपण आपल्या ओळखीच्या वाटेनें बँकेकडे जावें.

कचेरींतला जुना कारकून हेंच करी. संशयित दाखला घेऊन आलेल्या माणसासच "हा खरा का?" असें तो विचारीत नसे, दाखला देणाऱ्या कचेरीकडे स्वतंत्र पत्र लिहीत असे. ई-मेलांतील लिंक व ई-मेलांतील दूरध्वनि क्रमांक हीं दोन्ही त्या दाखला आणणाऱ्या माणसासारखीं आहेत. पत्रांत कांहींहि लिहिलेलें असो, तें मिटून ठेवावें. मग पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागें छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, किंवा शाखेंत जावें, किंवा बँकेचें ॲप स्वतः उघडून पाहावें. बँकेस खरोखर कांहीं हवें असेल तर तें तेथें कळेल. शोधयंत्रांत 'बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक' म्हणून शोधूं नये. तेथेंहि चोरांनीं आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात.

यांत एक दिवस गेला तर जाऊं द्यावा. खातें एका रात्रींत कायमचें बुडत नाहीं. पैसा मात्र पांच मिनिटांत जातो.

याच गळाचे इतर प्रकार

ई-मेलांतून जी लबाडी होते तीच लघुसंदेशांतून, फोनवरून आणि व्हॉट्सॲपवरूनहि होते. नियम तोच लागू करावा. पीएम-किसान योजनेंत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळतात. हप्त्याची वेळ आली कीं 'हप्ता अडकला, यादी पाहा' असे निरोप सुटतात आणि सोबत 'एपीके' नांवाची फाइल असते. ती यादी नसून एक कार्यक्रम असतो. तो फोनमध्यें बसविला कीं, आलेले ओटीपी तो परस्पर चोरास पोंचवितो. खातेदारास विचारावेंहि लागत नाहीं. योजनेचें काम तिच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रांत करावें. आलेली फाइल उघडूं नये. कोणाच्या सांगण्यावरून आपला फोन दुसऱ्यास दुरून चालवूं देणारें ॲपहि घालूं नये.

यूपीआयच्या बाबतींत एवढें लक्षांत ठेवलें तरी पुरे: पैसा देण्यासाठीं पिन लागतो, घेण्यासाठीं लागत नाहीं. कांद्याचे, बैलाचे, जुन्या पंपाचे पैसे पाठवितों म्हणून जो पिन टाकावयास सांगतो तो पैसे देत नाहीं, घेतो. पासवर्ड, पिन, ओटीपी आणि कार्डामागील तीन आंकडे खरी बँक फोनवरून किंवा पत्रानें मागत नाहीं. मागणारा शाखाधिकारी म्हणवीत असला तरी देऊं नयेत. खरा शाखाधिकारी त्याबद्दल रागावणार नाहीं.

फसलों तर काय करावें

बैल गेला आणि झोपा केला, असें होऊं नये हें खरें. तरी बैल नुकताच सुटला असेल तर त्याच्यामागें धांवतां येतें. येथें मिनिटांचा हिशेब आहे.

पहिलें काम, बँकेच्या छापील क्रमांकावर फोन करून खातें व कार्ड थांबविणें आणि तक्रार क्रमांक लिहून घेणें. दुसरें काम, १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करणें. ही व्यवस्था २०२१ सालीं सुरू झाली. तक्रार वेळेवर गेल्यास पैसा ज्या खात्यांत गेला तें खातें अडवून ठेवण्याचा प्रयत्न तीमार्फत होतो. चोर पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत फिरवीत नेतो, म्हणून पहिले तास मोलाचे. तिसरें काम, 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यांत रीतसर तक्रार. चौथें काम, शाखेंत लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घेणें. तो ई-मेल व ते संदेश पुसून टाकूं नयेत; तोच पुरावा आहे. ई-मेलचा पासवर्ड मात्र लगेच बदलावा. बँकेनें ३० दिवसांत दाद दिली नाहीं किंवा दिलेलें उत्तर पटलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें.

नुकसानीचा भार कोणी सोसावा यासंबंधीं रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं व्यापारी बँकांसाठीं, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सहकारी बँकांसाठीं नियम घालून दिले. त्यांचें धोरण असें: चूक बँकेची असेल तर खातेदारावर भार नाहीं. चूक बँकेची नाहीं व खातेदाराचीहि नाहीं, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्यानें कळविलें, तरीहि त्याच्यावर भार नाहीं. चार ते सात दिवसांत कळविल्यास साध्या बचत खात्यास १०,००० रुपयांपर्यंत भार. परंतु खातेदारानें स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें. कळविल्यानंतर जें जाईल तें बँकेचें. खातेदाराची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर ठेविली होती. असे नियम वेळोवेळीं सुधारले जातात, म्हणून चालू नियम आपल्या शाखेंत विचारून घ्यावा. सार एवढेंच कीं, नऊ दिवस गप्प बसणें हें चोरापेक्षांहि महाग पडतें.

घरची व्यवस्था

पीककर्जाचा व उंसाच्या बिलाचा मोठा पैसा ज्या खात्यांत येतो तें खातें फोनच्या व्यवहारास जोडूं नये. बाजारहाटासाठीं निराळें लहान खातें ठेवावें व तेंच यूपीआयला जोडावें. बियाणें दाराशीं ठेवतात तें पसापायली. सगळें पेव कोणी अंगणांत उघडें ठेवीत नाहीं. नेट बँकिंग वापरावयाचें नसेल तर शाखेंत अर्ज देऊन बंद करून घ्यावें. वापरावयाचें असेल तर रोजच्या रकमेची मर्यादा कमी ठेवावी. फोनचा क्रमांक बदलला तर त्याच आठवड्यांत बँकेस कळवावें, म्हणजे पैसे निघाल्याची सूचना दुसऱ्या कोणाच्या फोनवर जाणार नाहीं. ई-मेलच्या खात्यास दुहेरी पडताळणी लावून घ्यावी; मुलांस तें येतें.

आणखी एक सूचना तरुणांच्या वडिलांस. "तुझें पासबुक व कार्ड चार दिवस वापरावयास दे, दोन हजार देतों" असें सांगणारे लोक हल्लीं तालुक्याच्या गांवीं फिरतात. चोरलेला पैसा फिरविण्यासाठीं त्यांस अशीं भाड्याचीं खातीं लागतात. पोलिसांचा माग प्रथम त्याच मुलाच्या दाराशीं येतो. दुसऱ्याचें सोंग घेऊन संगणकाद्वारें फसविणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड प्रमाणें अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्या कामीं खातें उसनें देणारासहि चौकशी चुकत नाहीं.

शेवटीं लाजेविषयीं. फसलेला माणूस मूर्ख ठरतो हा समज चोराच्या फार उपयोगाचा आहे; त्यामुळेंच एक फसतो आणि शेजारी सावध होत नाहीं. आम्हीं आमची हकीकत लिहिली ती याचसाठीं. ज्या बागाईतदारांची हकीकत वर दिली त्यांनींहि ती छापण्यास स्वतःहून संमति दिली; फक्त नांव घालूं नये एवढेंच सांगितलें. पुढल्या सोसायटीच्या सभेंत ती आपण स्वतः उठून सांगूं, असें ते म्हणाले आहेत. वाचकांनीं हा अंक घरांतील मुलांकडून एकदां मोठ्यानें वाचवून घ्यावा, बँकेचा क्रमांक व १९३० हा क्रमांक पासबुकावर आजच लिहावा, आणि कोणी फसल्याचें कळल्यास हंसण्यापूर्वी त्यास फोन लावून द्यावा.